वहिनीचा पहारेकरी

आमच्या वहिनीला धूळ चालत नाही. कुठे जरा झटकलं की शिंका सुरू. "माझं शरीर धुळीलाच चोर समजतं," ती म्हणते. तिची सगळी उचापत या शिंकांतूनच निघाली.

वहिनी हॉस्पिटलात रुग्णांच्या माहितीचा डेटाबेस सांभाळते आणि मी तिच्या हाताखाली. घरी दीर, तिथे हुकमाचा ताबेदार. मागे कोणीतरी ती माहिती पळवायला बघितलं, तेव्हा तिच्या डोक्यानं घेतलं: शरीर आधी आपली माणसं ओळखायला शिकतं आणि मग परक्यावर तुटून पडतं, तसा एक पहारेकरी प्रोग्रॅम लिहायचा. संचालक म्हणाले, "लिहा. पण फसलं तर हे काम बाहेरच्या कंपनीला, आणि तुम्ही जुन्या कागदांच्या गोदामात." वहिनी आणि गोदामात? माझं तर डोकंच फिरलं.

महिनाभर पहारेकरी नुसता बघत होता. कोण काय उघडतं, कसं शोधतं. पण कोणी बघतंय म्हटल्यावर सगळे शहाण्या बाळासारखे वागले. पहारा सुरू झाला त्या सकाळी लोक मूळ पदावर आले, आणि पहारेकऱ्यानं अर्धं हॉस्पिटल परकं ठरवून बाहेर काढलं. हाडांचे डॉक्टर तर कीबोर्डवर बुक्क्या मारत होते.

संचालकांनी शेवटची संधी दिली. वहिनी वॉर्डावॉर्डात हात जोडत फिरली. "अहो, तुम्ही नाटक केलंत, तेच तो शिकला. आता जसे आहात तसे वागा हो!" लोकांना काय, आयतंच निमित्त मिळालं. पहारेकरी पुन्हा पहिल्यापासून शिकला.

मग एका दुपारी पहारेकऱ्यानं हाडांच्या डॉक्टरांचं खातं पुन्हा बंद केलं. संचालक तरातरा आले. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात डॉक्टर ऑपरेशन आटोपून आले. "मी? मी तर सकाळपासून आत आहे!"

त्यांचा पासवर्ड चोरून भलतंच कोणीतरी शिरत होतं.

"याला कळलं कसं?" संचालकांनी विचारलं.

"पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर टाकला," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी कधी टाकलाय?"

सगळ्यात मोठ्यांदा डॉक्टरच हसले.

संचालकांनी खुर्ची ओढली. "आणि मला कशावरून ओळखतो?"

मी डोळ्यांनी खुणावलं, पण ऐकेल ती वहिनी कसली! "तुम्ही अहवाल उघडता आणि न वाचताच मंजूर करता."

मग संचालक असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"तुम्ही इथून कुठेही जायचं नाही," ते म्हणाले. "मला इतकं ओळखणारं घरीसुद्धा कोणी नाही."