मॅ म्हणजे आई

मुलगी चियांग माईला राहायला गेली त्याला दोन वर्षं होत आली होती आणि मी अजून तिचं घर पाहिलं नव्हतं. थायलंडच्या उत्तरेकडचं हे शहर. तिथल्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवते. जानेवारीत इथे कॅनडात, आमच्या मिल्टनच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना माझी पाठ धरली, तेव्हा नवराच म्हणाला, "जाऊन ये एकदा. मला प्लँटमधून सुट्टी मिळायची नाही." तो इथल्याच जवळच्या केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे.

मी मुलीला फोन केला. यायचं कसं ते तिने नेहमीसारखं इंग्रजीत, भराभर सांगितलं. टोरोंटोहून बँकॉक, मधे एकदा विमान बदलायचं. बँकॉकहून पुढे विमान तासाभराचं, नाहीतर रात्रभराची ट्रेन किंवा बस.

"मॅ सेज, ट्रेन घे," ती म्हणाली. "खालचा बर्थ. सकाळी डोंगर दिसतात."

"कोण म्हणतं?" मी मुद्दामच विचारलं.

"अगं आई, मॅ! माय लँडलेडी."

मी विमानाचं तिकीट काढलं.

खरं तर मला ट्रेनच आवडली असती. पण दोन वर्षं प्रत्येक फोनमध्ये ही बाई होती. मॅने आज सूप दिलं, मॅने पडदे शिवले, मॅ म्हणते केस कापू नकोस. मुलीला ताप आला होता हे मला तो उतरल्यावर कळलं, आणि कपाळावर ओल्या पट्ट्या कोणी ठेवल्या तेही त्याच वेळी कळलं. पट्ट्या ठेवणारं कोणीतरी होतं याचा आनंद व्हायला हवा होता. मी फोन ठेवला आणि उगाचच अख्खा फ्रिज पुसून काढला.

विमानतळावर मुलगी नव्हती. तिची शाळा सुटायला वेळ होता, हे तिने आधीच सांगितलं होतं. तरी माझे डोळे तिलाच शोधत होते. समोर आली ती माझ्याच वयाची, बुटकी, उन्हाची टोपी घातलेली एक बाई. हातातल्या फोनवर माझा फोटो होता, तोही मला अजिबात न आवडणारा, एका लग्नातला. हीच ती मॅ. तिने हात जोडले आणि माझ्या हातातून बॅग काढून घेतली. बाहेर टॅक्सीची रांग होती. त्या रांगेकडे न बघता ती थेट रस्त्यावर गेली आणि एक लाल गाडी थांबवली. आपल्याकडच्या पिकअप ट्रकसारखी, मागे छप्पर आणि समोरासमोर दोन बाक. सोंगथेव म्हणतात तिला. खिडकीशी वाकून चालकाला जागा सांगायची. त्याच्या वाटेवर असेल तर तो मान हलवतो, नसेल तर निघून जातो. याने मान हलवली.

ती माझ्यासमोर बसली आणि बॅग घरंगळू नये म्हणून सबंध रस्ताभर तिने एक पाय बॅगेला टेकवून ठेवला. वाटेत शाळेच्या मुली चढल्या, कांद्याच्या पातीचा भारा घेऊन एक बाई चढली. उतरायचं आलं की जो तो छपराला लावलेली बेल दाबत होता. पैसे मी काढले, तर तिने माझी मूठ मिटवली. मी मान वळवून बाहेर बघत बसले. ही रोज माझ्या मुलीबरोबर अशी समोरासमोर बसत असेल, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी मुलगी स्कूटरवरून आली. मला घट्ट मिठी मारली, "आई, यू'आर हिअर!" म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी वळून त्या बाईशी बोलायला लागली. थाई भाषेत. वर चढणारे, खाली उतरणारे सूर, मधेच खळखळून हसणं. मी चपला हातात धरून दारातच उभी होते. ही माझी मुलगी. लहानपणी दर शनिवारी मी तिला गाडीत घालून मिसिसागाला मराठी शाळेत न्यायचे. मी पुढून मराठीत बोलायचे आणि मागच्या सीटवरून उत्तर यायचं इंग्रजीत. अजूनही ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते; 'आई' हा एकच शब्द तिने मराठीत ठेवला होता.

"मॅ म्हणजे काय गं?" मी जेवताना विचारलं.

ती जरा थांबली. "आई. पण इथे सगळे म्हणतात. मी भाजीवालीला पण मॅ म्हणते."

भाजीवालीनेही माझी जळजळ काही कमी केली नाही, वाढवलीच.

मुलगी शाळेत गेली की घरात मी आणि मॅ, दोघीच. ती पपई कापून द्यायची, स्कूटरकडे बोट दाखवून चल म्हणायची. मी मानेनेच नको म्हणायचे. एके दिवशी ठरवलं, आपण एकटीने नदीकाठच्या बाजारात जायचं, वांगी आणायची आणि मुलीला भरली वांगी करून घालायची. ते तरी मॅला येत नसणार. कोपऱ्यावर उभी राहून मी लाल गाडी थांबवली, बाजाराचं नाव सांगितलं. चालकाने मान हलवली! मी राणीसारखी जाऊन बाकावर बसले. बाजारात इवली इवली हिरवी वांगी मिळाली.

परतताना बाजाराबाहेर पिवळ्या गाड्या उभ्या होत्या. आकार तोच, बाक तेच. रंगाने काय होतंय, असं म्हणून मी चढले. गाडीने शहर सोडलं, नदी मागे पडली, घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना फळबागा लागल्या, तेव्हा मी छपराची बेल दाबली आणि एका पेट्रोल पंपाशी उतरले. ॲपवरून टॅक्सी मागवायला गेले, तर बँक आपला कोड माझ्या कॅनडातल्या नंबरवर पाठवत होती आणि ते सिम मिल्टनच्या ड्रॉवरमध्ये होतं. शेवटी मुलीला फोन केला.

"आई! यलो गाड्या गावाबाहेर जातात! तिथेच थांब, लोकेशन पाठव. मी मॅला पाठवते."

"तिला नको. तू ये."

"मला क्लास आहे, आई. प्लीज."

मॅ आली. स्कूटरवर, जास्तीचं हेल्मेट घेऊन. लहान मुलाला घालावं तसं तिने ते माझ्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला, वांग्यांची पिशवी पुढच्या हुकाला अडकवली. मागे बसून तिची कंबर धरण्याशिवाय इलाज नव्हता. इतकी वर्षं मी बर्फातून, ट्रकच्या रांगांमधून गाडी चालवली आणि आता या बाईच्या पाठीला चिकटून बसले होते. दमून आली की माझी मुलगी याच पाठीवर डोकं टेकत असेल, असं मनात आलं आणि सिग्नलला मी तिची कंबर सोडून मागची दांडी धरली. तिने वळूनही पाहिलं नाही. हात मागे केला, माझा हात शोधला आणि परत आपल्या कमरेवर ठेवला.

घरी आल्यावर मुलगी मला रागावली आणि मग माझाही बांध फुटला.

"मराठी तुला कधी जमली नाही. शाळेत घातलं, रोज बोलले. आणि हिची भाषा दोन वर्षांत? हिच्यासाठी?"

ती इंग्रजीतच, पण हळूहळू बोलली. "मिल्टनमध्ये सगळीकडे तू मला नेत होतीस, आई. कुठे जायचं ते तुला ठाऊक असायचं. मला कोणाला काही विचारावंच लागलं नाही. इथे आले तेव्हा मला माझ्या गल्लीचं नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. एकेक लाल गाडी थांबायची आणि निघून जायची. मॅ रोज सकाळी माझ्याबरोबर कोपऱ्यावर उभी राहायची. चालकाला कळेपर्यंत मला परत परत म्हणायला लावायची. तशी शिकले."

मी असते तर त्या कोपऱ्यावर उभीच राहिले नसते, गाडी काढली असती. हे कळलं, पण कळल्याने मन निवळलं नाही. उलट आता त्या कोपऱ्याचाही हेवा वाटायला लागला.

भरली वांगी दुसऱ्या दिवशी केली. मॅने दोनदा घेतली. मुलीने एकदाच.

निघायच्या दिवशी शनिवार होता. बँकॉकपर्यंत ट्रेनने जायचं आणि मुलगी सोबत येणार असं ठरलं होतं. खालचा बर्थ मीच मागितला, कोणाच्या सांगण्यावरून ते बोलले नाही. मॅ स्टेशनवर पोचवायला आली. लाल गाडी थांबली, चालकाने आम्हा तिघींकडे बघून काहीतरी विचारलं, मॅने काहीतरी उत्तर दिलं, आणि चालक, मॅ, मुलगी तिघंही हसत सुटली. गाडी निघाली तरी मुलीचं हसू थांबेना.

"काय झालं?"

"नथिंग, आई. इंग्लिशमध्ये फनी नाही."

"मग मराठीत सांग."

तिने बराच वेळ शब्द जुळवले. "तो ड्रायव्हर विचारतो, या दोघीतला तुझा आई कोण. मग मॅ म्हणाली, जो... जो फुगा झाला ना, तो."

ती 'रुसली' शोधत होती, सापडला फुगा. मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही. मॅकडे पाहिलं. ती घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होती, पाय माझ्या बॅगेला टेकवलेला. मला हसू आलं. आवरलं नाही.

फलाटावर तिने माझ्या हातात केळीच्या पानातल्या चिकट भाताची पुडी ठेवली आणि मुलीला काही म्हणाली. पुढच्या वेळी जास्त दिवस या, असं.

"तिला सांग," मी म्हणाले, "आता तिने मिल्टनला यायचं. विमानतळावर मी येईन न्यायला. गाडी मी चालवणार, तिने नुसतं बाजूला बसायचं."

मुलीने सांगितलं. मॅने डोळे मोठे करून विचारलं, बर्फात?

"सांग, बर्फात घसरू नये म्हणून वेगळे विंटर टायर्स आहेत म्हणावं."

मुलीने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. याला थाई शब्द तिलाही येत नव्हता. ती हातांनी हवेत चाकं काढून दाखवायला लागली, मॅला काही कळेना, आणि दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मला फार बरं वाटलं.