भाऊच्या अंगात कोण आलं होतं

शालू, अशी जवळ ये गो. बापाच्या बाराव्याला आलीस, पंगतीत तो बागवाला म्हणाला, ‘पिऊन चढला म्हणून झाडावरून पडला,’ आणि तू मान खाली घालून सावंतवाडीची एसटी धरलीस. सख्ख्या आत्याला एक शब्द विचारायचास की नाही? महिना झाला भाऊ जाऊन. म्हणून आता पेपरातच लिहिते. सगळ्यांनी वाचू दे… त्यानेही.

भाऊ जामसंड्यात ह्याच बागवाल्याच्या बागेत आंबे काढायचा. सहा वर्षांपूर्वी कुजकी फांदी मोडली, कण्याला मार बसला, छातीखालचं काही कळेनासं झालं. लघवीचंही. डॉक्टरांनी समजावलं, की लघवीच्या पिशवीच्या अस्तरात रिसेप्टर असतात, म्हणजे आपले राखणदार म्हणा. पिशवी भरली की ते मेंदूला निरोप धाडतात. कणा दुखावला की निरोपाची वाट तुटते, आणि मग हे राखणदारच बिथरतात. थोडीशी साठली तरी पिशवी आवळतात, पण तोंड काही उघडत नाही. अडलेली लघवी उलट मूत्रपिंडांकडे चढते. त्यानेच शेवटी भाऊला नेलं, दारूने नव्हे.

पिशवी तटतटली की भाऊचं डोकं ठणकायचं, तोंड लालबुंद व्हायचं, कपाळावर घामाच्या धारा. एकदा देवळात, सप्त्याच्या दिवशी, भर दुपारी तसंच झालं. अंगावर काटा, मान थरथरतेय… गाववाल्यांना वाटलं, अवसर आला, देव अंगात आला. सगळ्यांनी हात जोडले. बागवालाही पुढे. मी त्याची चाकाची खुर्ची घराकडे वळवायला गेले, तर भाऊने माझं मनगट घट्ट धरलं आणि त्याच्याकडे बोट केलं.

“फांदी कुजकी आसा, ह्यां मी तुका सांगलेलंय. सांग सगळ्यांका, मी पिवन चडलेलंय?”

बागवाल्याने खुर्चीपुढे डोकं टेकलं. “नाय म्हाराजा. मीच चड म्हटलंय. चुकलंय.”

मी खुर्ची ढकलत धावतच घर गाठलं. आणखी वेळ गेला असता तर डोक्यातली शीर फुटली असती, डॉक्टरांनी बजावलं होतं. नळीने पिशवी रिकामी केली तसा घाम ओसरला. मी शिव्या घालतेय आणि हा हसतोय.

“देव खंयचो गो अक्का? माझ्या मुतान कबूल करून घेतलां.”

अवसरातलं बोलणं आम्ही पुन्हा काढत नाही, म्हणून बाराव्याला गाव गप्प राहिला. आणि उत्तर द्यायला भाऊ उरला नाही, म्हणून बागवाला शब्दाला फिरला. आता म्हणेल, देव नव्हता तर कबुली कसली? मग बाबा, भ्यालास कशाला?

भाऊची चाकाची खुर्ची पडवीत आहे. बागवाल्याची वाट समोरूनच जाते. संध्याकाळी तो यायच्या वेळी मी तिच्यात बसते. नुसती त्याच्याकडे बघते. हल्ली पाऊस नसला तरी तो छत्री आडवी धरून जातो. जाऊ दे, रोज जाऊ दे… पण माझे डोळे अधू झाले गो, आणि तुझे थेट भाऊचे आहेत. लवकर ये, चार दिवस राहायला ये. खुर्चीत तू बस.