अक्काच्या श्वासापुरती वीज

बेंगळुरूत कॉटनपेटच्या एका गल्लीत व्यंकोजीचं वाइंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या मोटारी, पंखे, मिक्सर, जळलेलं काहीही त्याच्याकडे यायचं. माणूस कमी बोलायचा. तांब्याची तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात आणि मध्ये कुणी बोललं की मोजणी चुकते, म्हणून त्याला गप्प राहायची सवयच लागली होती. वय पंचेचाळीस. लग्न केलं नाही. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची मोठी बहीण कृष्णाबाई, एवढाच संसार. गल्ली तिला अक्का म्हणायची, तोही अक्काच म्हणायचा.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि अक्का चौदाची. अक्कानं शाळा सोडली आणि कापडगिरणीत सूतकताईच्या खात्यात लागली. सत्तावीस वर्षं तुटलेल्या धाग्याला धागा जोडत उभी राहिली. व्यंकोजीची फी, त्याचं आयटीआय, दुकानाची पहिली पागडी, सगळं त्या धाग्यांतून निघालं. गिरणीतून ती बाहेर पडली ती छातीत कापसाचा धुरळा भरून घेऊनच. पुढे बेंगळुरूच्या हवेनं त्यात भर घातली. रस्त्याकडेचं पांढऱ्या फुलांचं गाजरगवत, रिक्षांचा धूर, पावसाळी ओल, कशानं दम लागेल याचा नेम राहिला नाही. तोंडात मारायचा पंप पुरेना झाला, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर भार्गवींनी वाफेचं मशीन घ्यायला लावलं. ते विजेवर चालायचं, औषधाची बारीक वाफ करायचं. पंधरा मिनिटं मास्क लावला की अक्काच्या छातीतली शिटी हळूहळू थांबायची.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात शहरात वीज चार-चार तास जाऊ लागली. एका दुपारी अक्काला दम लागला आणि वीज नव्हती. व्यंकोजीनं तिला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातात मशीन घेतलं आणि रिक्षात बसून जनरेटरचा आवाज कुठून येतोय ते ऐकत हिंडला. शेवटी एका छापखान्यात मशीन लावू दिलं. कागदाच्या रिमांवर बसून अक्का वाफ घेत होती. तिच्या ओठांचा निळा रंग जाईपर्यंत व्यंकोजी तिच्या पायाशी बसून होता.

"त्यांना शहराबाहेर ठेवता येईल का?" डॉक्टर भार्गवी म्हणाल्या. "कोरड्या, मोकळ्या हवेत फरक पडेल. पण मशीन सोडून नाही हं. एक दिवससुद्धा नाही."

येलहंकाच्या पुढे त्यानं पाच-सहा गावांत खोली बघितली. अक्काचा खोकला ऐकला की घरमालकीण दारातूनच नको म्हणायची. "टीबी असेल, लहान मुलं आहेत आमच्याकडे." टीबी नाही, असा डॉक्टरांचा कागद दाखवला, तरी दार उघडलं नाही. जिथे उघडलं तिथे चुलीचा धूर, गोठा आणि कोंडा. अक्का दोन मिनिटंही उभी राहू शकली नाही.

अशात हेब्बाळच्या एका भंगारवाल्याकडे त्याला ते दिसलं. पत्र्याचं, दोन चाकांचं, ट्रॅक्टरमागे ओढायचं घर. रस्त्याच्या कामावरचा कुणी साहेब पूर्वी त्यात राहायचा. आत दोन बाक, एक ओटा, तीन खिडक्या. भंगारवाला त्याला कॅराव्हॅन म्हणत होता. व्यंकोजीनं आत जाऊन दीर्घ श्वास घेतला. गंजाचा वास होता, पण धूर नव्हता, कोंडा नव्हता, घरमालकीण नव्हती. त्याचं जुनं गिऱ्हाईक देवाप्पा यानं आपल्या ट्रॅक्टरनं ते घर ओढत नेलं आणि येलहंकापासून तीन मैलांवर, स्वतःच्या पडीक शेतात लावून दिलं. तिथे हवा मोकळी होती. विजेचा खांब मात्र अर्ध्या मैलावर होता.

"मग वीज?" देवाप्पानं विचारलं.

व्यंकोजीनं आभाळाकडे बोट दाखवलं. देवाप्पाला वाटलं, हा देवावर हवाला टाकतोय.

त्यानं सौरविजेची दोन जुनी पॅनेलं मिळवली. ट्रकची वापरलेली बॅटरी आणली. बॅटरीच्या विजेवर मशीन चालत नाही, त्याला घरातल्यासारखी वीज लागते. ती करून देणारा इन्व्हर्टर त्यानं स्वतः बनवला, त्याचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हातानं गुंडाळला. दुकान बंद ठेवून तो पंधरा दिवस त्या पत्र्याच्या घरात राबला. छपराला भोकं पाडून पॅनेलं बसवली, ती भोकं पहिल्याच वळवाला गळली, मग डांबर लावून बुजवली. एक पॅनेल चिंचेच्या सावलीत येत होतं. एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी मीटरचा काटा खाली बसायचा, म्हणून ट्रॅक्टर बोलावून सगळं घर वीस पावलं पुढे ओढलं.

बॅटरी कुठे ठेवायची यावर त्यानं सर्वांत जास्त विचार केला. चार्ज होताना तिच्यातून आम्लाची वाफ निघते. ती अक्काच्या छातीत जायला नको. म्हणून त्यानं मागच्या बाजूला, बाहेरून, लाकडी पेटी ठोकून बॅटरी तीत पक्की बसवली आणि तिथून घराखालून वायर ओढून पुढच्या बाकाखालच्या इन्व्हर्टरपर्यंत आणली. बावीस फूट वायर. घरात वापरतो तीच.

जूनच्या एका लख्ख दुपारी मशीन लावलं आणि ते चाललं. अक्का मास्कमधूनच म्हणाली, "सरी, सरी, झालं मनासारखं. आता दुकान उघड. गिऱ्हाइकं शिव्या देत असतील."

पण त्यानं दुकान उघडलं नाही. तिला एकटं सोडायचा धीर होईना.

ऑगस्टमध्ये आभाळ भरलं ते पाच दिवस उघडलंच नाही. पाऊस धड पडत नव्हता, नुसती भुरभुर. व्यंकोजी तासातासाला बॅटरीला मीटर लावायचा. दिवा लावायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, सगळी वीज अक्काच्या वाफेसाठी. पाचव्या दिवशी दुपारी अक्का तांदूळ निवडता निवडता थांबली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून बसली. व्यंकोजीला ते बसणं माहीत होतं. त्यानं औषध घातलं, मास्क लावला, बटण दाबलं.

मशीन घुरघुरलं आणि बंद पडलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बाकावरचा छोटा दिवा लावून बघितला तर तो लागत होता. म्हणजे वीज होती. मग मशीन का चालत नाही? अक्काच्या छातीतून शिटी येत होती आणि प्रत्येक श्वासाला ती बारीक होत चालली होती. शिटी थांबते ती बरं वाटलं म्हणूनच असं नाही, हवाच शिरेनाशी झाली तरी थांबते, हे डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं. तो दारात जाऊन ओरडला, "देवाप्पाऽ!" पण देवाप्पा ट्रॅक्टर घेऊन बाजाराला गेला होता. शेतात चिटपाखरू नव्हतं. अक्काला पाठीवर घेऊन रस्ता गाठायचा, तर चिखलातून अर्धा मैल.

"अक्का, स्वल्प थांब. स्वल्पच." तो बोलत होता आणि काय बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. अक्कानं मान हलवली. बोलण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता.

त्यानं बॅटरीला मीटर लावला. बारा व्होल्ट. आत धावत येऊन इन्व्हर्टरच्या तोंडाशी लावला आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरताच काटा नऊवर पडला. त्यानं वायरला हात लावला तर ती कोमट होती, म्हणजे मधली वीज ती लांब, बारीक वायरच खात होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जळक्या मोटारी खोलून, तार बारीक पडली म्हणून त्यांना सुनावणारा माणूस, आणि स्वतः बहिणीच्या श्वासाला बावीस फुटांची बारीक तार लावून बसला होता. लख्ख उन्हात भरलेल्या बॅटरीनं ती चूक झाकली होती, एवढंच. बॅटरी दूर ठेवली ती अक्काच्या काळजीनं आणि तेवढ्यानंच घात झाला होता.

तो बॅटरी आत आणायला धावला. पेटी त्यानं स्वतःच आठ स्क्रूंनी ठोकली होती. एक स्क्रू निघाला, दुसरा गंजलेला, फिरेना. त्याच्या तोंडून रडल्यासारखा आवाज निघाला. आणि तसाच गुडघ्यांवर बसलेला असताना त्याला सुचलं: बॅटरी आत कशाला? इन्व्हर्टर बाहेर आणू. एकदा घरच्यासारखी वीज झाली की बारीक वायरनंही पोचते.

इन्व्हर्टर उचलून त्यानं पेटीवर ठेवला. हातभर जाड वायर हवी होती. पिशवीत वाइंडिंगची तार होती. तिचे आठ-आठ पदर करून त्यानं दोन पीळ घातले. पण त्या तारेवर वार्निश असतं, ते खरवडल्याशिवाय वीज जात नाही. सोळा पदर, दोन्ही टोकं. तो विळीच्या पात्यावर एकेक टोक खरवडू लागला. बोट कापलं, तांबं लाल की रक्त लाल हे समजेना. आतून शिटीचा आवाज येईनासा झाला. तो बघायला गेला नाही. बघायला गेलो तर हात चालणार नाहीत, हे त्याला कळत होतं.

पीळ आवळले, मशीनची वायर खिडकीतून बाहेर घेतली, लावली. आत मशीन घरघरलं आणि चालू राहिलं.

भुरभुर पडतच होती. इन्व्हर्टरवर पाणी पडलं तर सगळं संपलं असतं, म्हणून त्यानं ताडपत्री डोक्यावर घेतली आणि तिच्याखाली इन्व्हर्टर झाकून ओणवा उभा राहिला. तिथून अक्का दिसत नव्हती. फक्त मशीनचा आवाज. त्या आवाजापलीकडे ती श्वास घेतेय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पंधरा मिनिटं तो तसाच उभा होता. आईचा चेहरा त्याला आठवत नसे, पण त्या वेळी त्यानं आईला हाक मारली, आणि डोळ्यांसमोर चौदा वर्षांची अक्का आली.

मग खिडकीच्या पत्र्यावर टकटक झाली. तीनदा, चमच्यानं.

आत गेला तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती. ओठांवर रंग होता. मास्क बाजूला करून ती म्हणाली, "भिजलास की रे."

संध्याकाळी देवाप्पानं दोघांना दवाखान्यात पोचवलं. अक्काला नऊ दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी व्यंकोजी तिला म्हणाला, "चुकलं माझं. ते घर विकून टाकतो. आपण परत जाऊ."

"विकू नकोस," अक्का म्हणाली. "तिथे मला झोप लागते. पण दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस. मला मारतंय ते तुझं बघणंच. ते सगळं मला शिकव आणि तू दुकानाला जा."

"तुला नाही जमणार, अक्का."

"सत्तावीस वर्षं मशीनवर होते मी. मला काय शिकवतोस जमणार नाही म्हणून?"

त्यानं नव्यानं सगळी जोडणी केली, इन्व्हर्टरला बॅटरीशेजारी पत्र्याचं कपाट केलं, बोटाएवढी जाड वायर घातली. अक्का मीटर वाचायला शिकली, बॅटरीत पाणी घालायला शिकली, बांबूला फडकं बांधून पॅनेल पुसायला शिकली. पहिल्या दिवशी व्यंकोजी येलहंकाच्या बसथांब्यावर जाऊन तीन बस सोडून उभा राहिला आणि चौथीत चढला.

कार्तिकात एकदा तो दुकानातून परतला, तेव्हा अक्का पायरीवर बसून शेंगा सोलत होती. "दुपारी आला होता," ती म्हणाली. दम म्हणजे पाहुणा असल्यासारखं ती बोलायची. "बराच वेळ बसला. मग मशीन लावलं आणि घालवला."

व्यंकोजीनं पिशवी पायरीवर ठेवली. "एकटीनं?"

"मग कोण होतं इथे? बस. चहा टाकते."

अक्का त्यानंतर तीन वर्षं जगली. मधून मधून दवाखाना लागायचाच, आणि शेवटी न्यूमोनिया झाला, त्यात गेली. पण विजेसाठी तिला पुन्हा कुणाच्या दारात बसावं लागलं नाही. देवाप्पाच्या पुतण्याचं पुढे त्याच शेतात घर झालं, तिथे वीज आली. व्यंकोजी आजूबाजूच्या वाड्यांवर पॅनेलं बसवून द्यायची कामं घेऊ लागला. लोक म्हणायचे, माणूस चांगला, पण वायर फार जाड घालतो.