माझ्या नावावरची केस

व्हिसाच्या फॉर्मात एक प्रश्न असतो, तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? दौंडच्या एजंटानं तो मराठीत सांगितला आणि मी तोंड उघडायच्या आत 'नाही'वर टिक करायला निघाला. मी म्हटलं, "थांबा. झालीया."

शेजारी बसलेले आमचे हे उगाच खोकायला लागले.

लेक इंग्लंडात, पहिलटकरीण, सातवा संपत आलेला. तिला सासू नाही. मी गेले नाही तर बाळंतपणाला तिच्याजवळ बाईमाणूस म्हणून कुणीच नाही. नाहीतर मला कशाला हवा होता तो व्हिसा? तिकडचं एक झाडसुद्धा बघायची हौस नव्हती मला.

आणि शिक्षा तरी कसली! कॅनॉलला पाणी सोडत नव्हते म्हणून आम्ही चौफुल्याला रस्ता अडवला होता. आमच्याकडं रीतच आहे, आंदोलन म्हटलं की बायांना पुढं बसवायचं, पुरुष मागं सावलीला. पोलीस बायांवर हात टाकत नाहीत म्हणे. गुन्हा दाखल व्हायची वेळ आली तेव्हा नावंही आमचीच दिली. "बायांना कुठं नोकऱ्या करायच्यात? पोरांच्या भरतीला अडचण नको," असं पुढाऱ्यांनी ठरवलं, आणि आम्हाला ते पटलंसुद्धा! पुढं कोर्टात वकील म्हणाला, कबूल करा, किरकोळ दंड भरा आणि मोकळ्या व्हा. मी झाले मोकळी. माझी जाऊ हट्टी. "म्या काय चोरी केलीया व्हय?" म्हणत ती तारखांना जात राहिली. मग सरकारनं आंदोलनाच्या केसेस मागं घेतल्या. ती निर्दोष सुटली आणि माझ्या नावावर शिक्षा राहिली.

"मावशी, 'न्हाई' टाकू. कोण बघतंय तिकडं?" एजंट म्हणाला.

हेही म्हणाले, "टाकू दे की. रस्त्यावर बसनं म्हंजी काय खून हाय का?"

"मग तवा तुम्ही का न्हाई बसला पुढं?" मी म्हटलं. पुन्हा खोकला.

फोनवर लेक घाबरली. "आई, खोटं सापडलं तर कायमचं दार बंद होईल गं. खरं तेच लिही." मी 'होय' लिहायला लावलं आणि कोर्टाची नक्कल जोडली.

पुण्याला व्हिसाच्या हपिसात बोटांचे ठसे द्यायला गेले तेव्हा बोटं काचेवर नीट टेकेनात. तिथली मुलगी म्हणाली, "रिलॅक्स, आंटी." कसलं डोंबलाचं रिलॅक्स! पोलीस ठाण्यात असाच अंगठा उठवून घेतला होता माझा.

त्यानंतर बाहेर गाडी वाजली की कुरिअरवाला वाटायचा. डिंकाचे लाडू करायला घेतले आणि डिंक तळून तसाच झाकून ठेवला, आधीच आशा नको म्हणून. जाऊबाई समोर दिसली की पोटात जळायचं. तिचा बिचारीचा काय दोष? लेक रोज विचारायची, "आलं का गं?" मग तिनं विचारणं सोडलं, तेव्हा मला जास्त भीती वाटायला लागली.

पाकीट आलं. ते घेऊन आम्ही दोघं दौंडला गेलो, एजंटानं वाचलं. नकार.

"त्या केसपायीच ना?" मी विचारलं.

"न्हाई मावशी. केसचं काय म्हननं न्हाई त्यांचं. तुमच्या नावावर हितं कायच न्हाई. रान न्हाई, घर न्हाई. मग तुम्ही माघारी याल ह्याची खात्री काय, असं लिवलंय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या रानात मी खुरपतेय. सातबारा सासऱ्यांचा होता, तो ह्यांच्या नावावर आला. घर ह्यांचं. गाईंच्या धारा मी काढते आणि डेअरीचं खातंही ह्यांचंच. सगळ्या जन्मात माझ्या नावावर झाली ती एक केस.

भर हपिसात मला रडू फुटलं. "रस्त्यावर बसवायचं हुतं तवा बरं माझं नाव आठवलं सगळ्यास्नी!"

बाहेर येऊन ह्यांनी गाडीला किक मारली. घराकडं वळायचा फाटा आला तसं मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी न्हाई. आधी तलाठ्याकडं चला."

त्यांनी गाडी थांबवली. माझ्या पिशवीत लेकीचा फोन वाजत होता.

"उचल की," हे म्हणाले.

"तुम्ही गाडी वळवा. मग उचलते."