सेराफिनाबायची परीक्षा

टी.वाय.ला राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र घेतलंय म्हटलं, की त्या काळी लोक एकच प्रश्न विचारायचे, “मग लग्न कधी?” आर्ट्सची पोरगी म्हणजे स्थळ येईपर्यंत कॉलेजात बसवून ठेवलेली, असा सगळ्यांचा समज. माझं डोकं फिरायचं. सेराफिनाबायने मात्र मला पहिल्या दिवशी विचारलं, “ते मानसशास्त्र मंजे काय गं? माणसाच्या मनातलं कळतं?” मी म्हटलं, “थोडंफार.” ती म्हणाली, “मग आमच्या नवऱ्याच्या मनातलं जिवंतपणी कळलं असतं तर बरं झालं असतं,” आणि मासे साफ करायला निघून गेली.

अंधेरी पूर्वेला, जुन्या गावठाणात तिचं कौलारू घर होतं. ख्रिस्ती, पण बोली मराठी, अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, आवाज असा की नाक्यावरच्या माणसाने वळून बघावं. गिरण्यांचा संप लांबला, बाबांची गिरणी काही उघडेना, तेव्हा ते आईला आणि भावंडांना घेऊन देवगडकडच्या आमच्या गावी गेले. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. सेराफिनाबायची भाची मेबल माझ्या कॉलेजातली. तिने मावशीला विचारलं आणि मावशीने माळ्यावरची भांडी खाली काढून मला जागा करून दिली. बाबांनी जाताना सांगितलं, “पास झालंस तर ऱ्हव हंयच, नोकरी बघ. नाय तर वळकटी बांधूक मी येतंय.” बाबा बोलल्याप्रमाणे करणारे. त्यामुळे त्या वर्षी मला पास होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मला मोठ्याने वाचायची सवय. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर मी माळ्यावर वाचायचे आणि खाली सेराफिनाबाय ऐकायची. सुरक्षा परिषदेत पाच बड्या देशांपैकी एकाने जरी नकार दिला, तरी ठराव बारगळतो, हे ऐकून तिने कालथा खाली ठेवला. “मंजे आमच्या घरासारखंच की. पाच भावांच्या नावावर घर. कुवेतवाला सही करीत नाय, म्हणून माझं छप्पर गळतं.” तो मुद्दा मी पेपरात लिहिला नाही, पण विसरलेही नाही.

रोज संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची. शेवटी लितानी. सेराफिनाबाय एकेका संताचं नाव सुरात घ्यायची आणि बाकीच्यांनी म्हणायचं, “आम्हांसाठी विनंती कर.” मी गणपतीवाल्यांच्या घरातली, पण एकटी माळ्यावर काय बसायचं, म्हणून खाली येऊन बसायचे. वर्षभरात माझ्याही तोंडी ते बसलं.

आता प्रॅक्टिकलचं सांगते, सगळं तिथेच घडलं. मानसशास्त्राच्या परीक्षेला प्रत्येकाने एक माणूस सोबत न्यायचा. त्याच्यावर प्रयोग करायचा. त्या माणसाला आम्ही ‘सब्जेक्ट’ म्हणायचो. अट एकच, त्याला प्रयोग आधी माहीत नसावा. मी अंगणात बसून मेबलवर सराव करायचे. स्मृतीच्या प्रयोगात वेफ, गॅझ, मूब, तिव असले बिनअर्थाचे शब्द एकेक करून दाखवायचे, मग समोरच्याने ते क्रमाने सांगायचे. सुरुवातीला खूप चुका होतात, पुन्हा पुन्हा दाखवलं की चुका कमी होतात, आणि त्याचा आलेख काढायचा. कॉलेजातल्या कार्डांवरूनच मी घरी संच उतरवून आणला होता. मेबलला तो पाठ झाला, म्हणून परीक्षेला न्यायला सेराफिनाबाय ठरली. “मना काय करायचं तिथं?” तिने विचारलं. “काही नाही गं, फक्त ये,” मी म्हटलं.

ती आली. ठेवणीतलं लुगडं, कानात सोन्याच्या कुड्या, अंबाड्यात फूल. चिठ्ठी उचलली, तर स्मृतीचाच प्रयोग निघाला. मला बरंच वाटलं. मी कार्डं दाखवली आणि म्हटलं, “आता आठवतील तेवढे क्रमाने सांग.”

तिने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरात सुरुवात केली. “वेफ.” थांबली. “गॅझ.” थांबली. “मूब.” आणि त्या थांबण्यात माझ्या तोंडून, सवयीने, पुटपुटल्यासारखं बाहेर पडलं, “आम्हांसाठी विनंती कर.”

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वळल्या. सेराफिनाबायने शेवटच्या शब्दापर्यंत सगळं बिनचूक म्हटलं. पहिल्याच फेरीत. चुका नाहीत, म्हणजे आलेख नाही. वाट लागली.

शेजारच्या टेबलावरचा श्यामसुंदर कुजबुजला, “चुका टाक ना मनाने, यार. कोण बघतंय?” मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर सेराफिनाबायचाही आला. पण खोट्या चुका कुणाच्या नावावर टाकायच्या? तिच्या? जे झालं तेच मी लिहिलं.

बाईंनी वाचलं आणि तिला विचारलं, “तुम्हाला शब्द आधी माहीत होते?”

सेराफिनाबाय ताडकन उभी राहिली. “कॉपी नाय केली, बाई. घरून पाठ करून आले. ही अंगणात म्हणायची ते ऐकून ऐकून, सैपाक करताना लितानीच्या सुरात बसवलं.” मग तिचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. “मी तिसरीत शाळा सोडली. मना परीक्षा ठाव नाय. पण मी चुकले असते, तर हिचा बाप हिला गावाला घेऊन गेला असता.”

प्रयोग माझा, परीक्षा माझी, आणि नापास व्हायची भीती हिने घेतली होती.

बाई मला म्हणाल्या, “प्रयोग फसलाय. का फसला ते लिही.” मी लिहायला बसले. प्रयोग करणाऱ्याला आपल्याकडून अमुक हवंय असं सब्जेक्टला वाटलं, की तो तसाच वागतो आणि निकाल बदलतो. पुस्तकात हा भाग मी घाईघाईत वाचला होता. त्या दिवशी तो मला नीट समजला. मी पुरवणी मागून घेतली.

निकालाच्या दिवशी मी कॉलेजातून परतले, तर बाबा अंगणात उभे. एसटीने रात्रभर प्रवास करून आलेले, खांद्यावर वळकटी बांधायला काथ्याची नवी दोरी. “काय गो, निकाल लागलो?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दारातून सेराफिनाबाय बाहेर आली. मेबल तिला आधीच सांगून गेली होती. हातात गरम फुग्यांची, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांची परात. तिने पहिला फुगा बाबांच्या हातावर ठेवला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खा, काशीराम. आमी दोघी पास झालो.”

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मी मान हलवली. त्यांनी फुगा खाल्ला, खांद्यावरची दोरी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून उभे राहिले. सेराफिनाबायने ती घेतली, अंगणातल्या दोन शेवग्यांना बांधली आणि माझ्या साड्या नि स्वतःची लुगडी तिच्यावर वाळत घातली.