मेजर न्हवं!

साताऱ्याकडं लष्करातून परतलेला प्रत्येक जण मेजर. आमची हळद सांगलीला नेणारे ट्रकवाले काका नौदलातले, तरी मेजरच. तशी हाक मारली की कानठळ्या बसतील असे उसळायचे, "मेजर न्हवं रं, नेव्ही!"

कृष्णेचा पूल आला की लांबलचक हॉर्न आणि कडक सलाम.

"काका, नदी हाय ही."

"व्हय, पर समुद्राकडं चाललीय न्हवं? निरोप नगं धाडाया?"

मग मीही सलाम ठोकायचो, आणि आम्ही खिदळत पूल ओलांडायचो.

परवा त्याच ट्रकमधून त्यांच्या अस्थी घेऊन निघालो. पुलावर त्यांच्या मुलानं तसाच हॉर्न दाबला. घाटावर कलश पाण्यात रिकामा करताना माझ्या तोंडून निघालं, "चला, मेजर!"

आणि आम्ही दोघांनीही पटकन कान झाकले.