सतीशचा रेशो

सतीश आठल्ये घराबाहेर पडताना सात बटणं बंद करायचा. दिवा, पंखा, कूलर, टीव्ही, पाण्याची मोटर आणि गीझर. मे महिन्यात, जयपूरच्या उन्हात नळातून उकळतं पाणी येत असताना, गीझर बंद आहे ना ते बघायचा! आणि शेवटी कॉम्प्युटर. मानसरोवर वसाहतीत आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे मी बघत नाही हो, मला आपलं दिसतं.

सतीश म्हणजे माझ्या इंदूचा मुलगा. इंदू आणि मी मिरजेच्या एकाच गल्लीतल्या. पुढे माझ्या नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला इथे आणून टाकलं, सतीशला त्याच्या विमा कंपनीनं आणलं, आणि तो आईला घेऊन आला तो नेमका आमच्या समोर. चार वर्षांपूर्वी इंदू गेली. सतीश पंचेचाळीस वर्षांचा, लग्न केलं नाही, शर्टाचं वरचं बटण लावतो आणि मोजून बोलतो. मी त्याला म्हणते, "सत्या, शब्दांवर पण हप्ता भरावा लागतो का रे तुमच्या कंपनीत?" तेव्हा हसतो. तेही मोजूनच.

दोन हजार सातचा मे. एका सकाळी माझ्या दारात उभा, चेहरा एवढासा.

"मावशी, माझा रेशो पडलाय."

"दुखतंय का फार?"

"मावशी, चेष्टा नको. मतलब, दोन आठवड्यांत वर आला नाही तर मला बंद करणार."

बसवलं, पन्हं दिलं, आणि शब्द एकेक करून ओढून काढले. इंटरनेटवर एक मंडळ होतं, जुन्या हौशी नाटकांच्या रेकॉर्डिंगचं. कुणालाही आत घेत नाहीत, ओळखीनंच प्रवेश. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या तन्मयनं याची वर्णी लावलेली. तिथे रेकॉर्डिंग कुठल्या एका कपाटात ठेवलेलं नसतं म्हणे. ज्या सभासदांकडे आहे त्यांच्या कॉम्प्युटरमधून तुकडा तुकडा आपल्याकडे येतो, आणि आपल्याकडे आलेला तुकडा आपण पुढच्याला द्यायचा. दिलेलं भागिले घेतलेलं, तो रेशो.

"म्हणजे शेजारणीचा डबा," मी म्हटलं. "रिकामा परत धाडायचा नाही."

"हां, तसंच."

"मग तू काय धाडलंस?"

तो पन्ह्याच्या ग्लासात बघत म्हणाला, "चार जीबी घेतलंय. दिलंय चारशे एमबी."

"दहा पोळ्या खाल्ल्यास आणि एक दिलीस! अरे, आपण मिरजेची माणसं."

"पण मी कुणाला नाही म्हटलंच नाही."

"म्हणशील कशाला? मेल्या, रोज जाताना बटण बंद करतोस. दाराला कुलूप असलं की मागायला कोण येणार?"

हे त्याच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. विजेचं बिल वाचवण्यात पोरगं सभासदत्व घालवायला निघालं होतं.

"जाऊ दे की," मी म्हटलं. "नाटकं काय, आपल्या महाराष्ट्र मंडळात बघ."

तेव्हा त्यानं खरं सांगितलं. कोल्हापूरचे कुणी मनोहरराव त्या इंटरनेटच्या मंडळात होते, त्यांच्या घरी रेकॉर्डिंगची जुनी स्पूल, टेपची मोठी चकती, सापडली होती. त्रेसष्ट सालचं मिरजेचं एक नाटक. पंधरा दिवसांनी ते ती टाकणार होते आणि पात्रांची यादी आधीच दिली होती. इन्स्पेक्टर, श्रीधर आठल्ये.

सतीशचा बाप. त्याच वर्षी विषमज्वरानं गेला. पोर तेव्हा दीड वर्षाचं. घरात त्याचा एक फोटो आहे, एक फाउंटन पेन आहे. आवाज सतीशनं कधी ऐकलेलाच नाही, मीही नाही, मी तेव्हा लग्न होऊन परगावी होते.

"ती स्पूल येईल तेव्हा मी बंद झालेलो असेन," तो म्हणाला. "मनोहररावांनी दहा दिवसच ठेवणार म्हणून लिहिलंय. नंतर ते मुलाकडे अमेरिकेत चाललेत."

मी पदर खोचला.

मग आम्ही दोघांनी कामाला सुरुवात केली. निम्मं तरी भरायला हवं होतं, म्हणजे घेतलेल्या चारांपैकी दोन द्यायचे. पण द्यायचं काय? त्याच्याकडचं सगळं आधीच शंभर जणांकडे होतं. नवं असं घरात एकच निघालं, इंदूच्या दोन कॅसेटी. सतीशनं नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा इंदू आणि मी गहू निवडत होतो आणि यानं बटण दाबून ठेवलं होतं. तीन तास आमच्या गप्पा! मेतकुटाचं प्रमाण, भाजीवाल्याशी हुज्जत, आणि माझ्या नणंदेबद्दल मी जे बोलले ते.

"सत्या, ते कापून टाक हो."

"मावशी, कोण ऐकणार?"

त्यानं ते कॉम्प्युटरवर चढवलं. नाव दिलं, इंदुबाई आठल्ये, घरच्या गप्पा. दोनशे एमबी. आणि मला किल्ली देऊन बजावलं की बटण बंद करायचं नाही, फक्त मधूनमधून आकडा लिहून ठेवायचा. मी माझ्या दूधवाल्याच्या कॅलेंडरवर लिहायला लागले.

दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक जण आला. तिथे घेणाऱ्याचं नाव दिसतं, कुठल्या गावचा तेही दिसतं. याच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. गावाची जागा कोरी.

"नवा असेल," सतीश म्हणाला.

त्यानं सगळं घेतलं, शंभर टक्के. माझा जीव भांड्यात पडला, माझ्या नणंदेची बातमी एकाच घरी गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या रेघेसमोरचा आकडा परत शून्यावर, आणि घेणं पहिल्यापासून सुरू. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. रोज दोनशे, रोज पहिल्यापासून. इंदूचा आवाज कुणीतरी भरून नेत होतं आणि संपवून परत मागायला येत होतं.

"अरे, गप्पांत एवढं काय आहे?" मी म्हटलं.

"रेशो वाढतोय ना," सतीश म्हणाला. पण स्क्रीनकडे बघत नव्हता.

सहाव्या दिवशी लाईट गेली. दुपारी बारा ते चार, बाहेर लूचे गरम झोत नुसते भाजून काढत होते, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. लाईट जायच्या जरा आधी मी आकडा लिहिला होता. चार वाजता लाईट आली तेव्हा मी जाऊन कॉम्प्युटर चालू केला, कारण तो आपला मेलेला पडला होता. पंख्याखाली उभी राहून आकडा बघितला आणि बरोबर आणलेलं कॅलेंडर दोनदा वाचलं. कॉम्प्युटर बंद असताना चाळीस एमबी वाढले होते.

संध्याकाळी सतीशला दाखवलं. "हिशेब कधीकधी उशिरा पोचतो," म्हणाला.

"किती उशिरा?"

"अर्धा तास."

"अर्ध्या तासात आपल्या लाइनवर जातात तरी किती?"

त्यानं मनात हिशेब केला. "पंधराही नाहीत," म्हणाला, आणि उठून खिडकी लावून घेतली. त्या उकाड्यात.

ती रेघ कोण असेल असं मला वाटलं, ते मी त्याला बोलले नाही. त्यालाही तेच वाटलं असावं, कारण त्या दिवसापासून तो ऑफिसला जाताना कॉम्प्युटरला "येतो" म्हणायला लागला. सत्या. जो माणसांना म्हणत नाही.

दहाव्या दिवशी दोन जीबी पुरे झाले. अर्धा रेशो, बरोबर शून्य दशांश पाच. आणि ती रेघ गेली. नंतर किती दिवस आम्ही बघितलं, पण इंदूच्या गप्पा मागायला परत कुणी आलं नाही.

मनोहररावांची स्पूल ठरल्या दिवशी आली. दीड दिवस लागला उतरायला. रविवारी दुपारी सतीशनं मला हाक मारली, एकट्यानं ऐकवेना म्हणून. मी म्हटलं, आमटीला फोडणी घालून येते, तू लाव.

मी स्वयंपाकघरात होते. दार उघडं. समोरून सतीश बोलत होता, जोरजोरात, कुणाला तरी दरडावत. "खरं सांग! घरात त्या दिवशी कोण होतं?" मी आयुष्यात त्याचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. हातातली पळी तशीच घेऊन धावले. म्हटलं, कुणाशी भांडतोय हा?

सतीश खुर्चीत बसला होता. तोंड मिटलेलं. दोन्ही हात मांडीवर. आणि त्याचाच आवाज कॉम्प्युटरमधून विचारत होता, "कोण होतं?"

तसाच. थोडाफार सारखा नाही, तोच.

मी म्हटलं, "बंद कर." त्यानं केलं नाही. सगळं नाटक आम्ही ऐकलं, मी पळी घेऊन उभीच. संपल्यावर त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, आणि पहिल्या शब्दाला मी दचकले, "मावशी, मला बाबांचा आवाज ऐकायचा होता. हा तर माझा आहे."

"अरे, तूच त्याचा आहेस."

"आई कधी बोलली नाही."

नाही बोलली. पण मला तेव्हा आठवलं, इंदू त्याला रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लावायची. तिचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते, सुईत दोरा ओवायची. तो वाचायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी चिडवायचे, बातम्या ऐकतेस की झोपतेस गं? हे त्याला मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही.

आता तो कॉम्प्युटर बंद करत नाही. नाटक घ्यायला लोक येतात, नावागावाचे, सोलापूरचे, नागपूरचे. रेशो दोनच्या वर गेलाय म्हणतो. सतीश मात्र आधीपेक्षा कमी बोलतो. आणि मी, जिनं त्याला जन्मभर "बोल की रे मेल्या" म्हणून छळलं, ती आता समोरून आवाज आला की आधी दारात जाते आणि त्याचे ओठ हलतायत का बघते.